शेवटचं पान न वाचता काढलेलं चित्र

स्प्रूस नेक, मेन
१४ मार्च १९३७

आयली,

माझं सगळं फिरलं ते गेल्या गुरुवारी सकाळी, सहकारी दुकानात, गल्ल्यावरच्या हिल्माबाईने साप्ताहिकाचं मधलं पान उघडून तुझ्यापुढे धरलं त्या क्षणी. तोवर गावात माझ्याइतका सुखी माणूस नव्हता. 'चल तर, एक गंमत दाखवतो' म्हणून बर्फातून तुला ओढत आणलं होतं. माझं पहिलं छापील चित्र, तिथल्या एका गोष्टीसाठी काढलेलं, अख्खं पानभर, खाली कोपऱ्यात आर. स्टॅनवूड, आणि चित्रात तू. तू लाजशील, 'वेडा आहेस' म्हणशील, मग सगळ्यांदेखत माझा हात धरशील, असं मी आधीच मनात रंगवून ठेवलं होतं.

आणि हिल्माबाईने चित्राखालची ओळ मोठ्याने वाचली. 'तिने दिवा उंच धरला आणि भावाची होडी खडकाकडे वळण्याची वाट पाहू लागली.'

दुकानात सात-आठ माणसं होती. मागे कोणीतरी फिसकन हसलं. तू हातातला कॉफीचा डबा परत फळीवर ठेवलास, लेबल पुढे येईल असा, नीट, आणि मला म्हणालीस, "त्या दिवशी मी काय धरलं होतं, रूफस?" आणि गेलीस.

काय धरलं होतंस ते मला माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी तोइवोची बोट धुक्यात खडकावर फुटली तेव्हा धक्क्यावर उभी राहून तू चार तास पत्र्याचा कर्णा फुंकलास. ओठातून रक्त आलं तरी थांबली नाहीस. त्या आवाजाच्या रोखाने तुझा भाऊ पोहत आला. पाय अधू झाला, पण आला. आणि त्याच गावात आता टवाळ पोरं तुझ्या भावाला म्हणतायत, 'काय तोइवो, बहिणीने दिवा दाखवला होता वाटतं?'

पण माझं ऐकून घे. ही चूक माझी नाही. मी चित्र काढलं तेव्हा गोष्ट वेगळी होती. पोरगी दिवा घेऊन खडकावर उभी आहे आणि कोणाची तरी वाट पाहतेय, एवढंच. शेवट संपादकाने नंतर बदलला. हे न्यूयॉर्कचे लोक असंच करतात. मी त्याला चांगलं खरमरीत पत्र लिहिणार आहे.

तू शुक्रवारच्या बसने फिचबर्गला मावशीच्या बेकरीत गेलीस, हे मला तोइवोने सांगितलं. 'पाव थापेन पण त्याचं तोंड बघणार नाही, असं म्हणाली,' हेही त्यानेच सांगितलं, आणि सांगताना त्याला फार आनंद होत होता.

एक ओळ लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल.

रूफस

२ एप्रिल

आयली,

हे चौथं पत्र. तुझ्या मावशीकडे टपाल पोचत नाही का? की चुलीत जातं?

आमच्या घरची तुला कल्पना आहेच. तीन पिढ्या एका छताखाली चित्रं काढतात आणि एकमेकांना सुचू देत नाहीत. बाबा पहाटेपासून अंड्यातलं पिवळं या तळव्यावरून त्या तळव्यावर खेळवत रंग कालवत असतात. त्यांचं गवत. दीड वर्ष झालं, एकाच टेकडीचं गवत चाललंय, पात्यामागून पातं. उरलेल्या पांढऱ्याचा केक होतो, तो आम्ही नाश्त्याला, जेवणाला, दोन्ही वेळा खातो. हेस्टरआत्या बियाण्यांच्या पुस्तिकेसाठी टोमॅटो रंगवतेय. आजोबा सत्त्याहत्तरीतही खिडकीशी बसून समुद्री चाचे काढतात.

परवा टेबलावर आत्या म्हणाली, "कॉलेज सोडलं, आता पोरगीही सोडून गेली. अजून काय सोडायचं राहिलंय रे?"

"तिला मी सोडलेलं नाही," मी ओरडलो.

"मग केक सोड. चौथा तुकडा आहे तो."

बाबा हसले. बाबा! वर्षातून दोनदा हसतात, त्यातलं एक माझ्यावर खर्च केलं.

कॉलेज मी चित्रकलेसाठी सोडलं असं सगळ्यांना सांगतो. तुला खरं माहीत आहे. नोव्हेंबरात, तिसऱ्या वर्षाच्या मध्यात, रसायनशास्त्राच्या तासाला खिडकीबाहेर बर्फ पडायला लागला आणि मला वाटलं, स्प्रूस नेकला आयली आता ओसरीवरचा बर्फ झाडत असेल. पुस्तक तिथेच बाकावर ठेवून स्टेशन गाठलं. पुस्तक अजून तिथेच असेल.

असो. मी काय केलं ते सांगतो. अकरा दिवस खोलीतून हललो नाही. बाबांच्या रंगांनी, बाबांच्या पद्धतीने, पांढरा लेप दिलेल्या फळीवर तुझं चित्र काढलं. धुकं, धक्का, आणि कर्णा फुंकणारी तू. जे खरं घडलं ते. आजवर मी काढलेल्यात सगळ्यात चांगलं चित्र आहे ते, बाबासुद्धा दोन मिनिटं उभं राहून बघत होते. काखोटीला मारून तुमच्या घरी गेलो. दारात तोइवो, लॉबस्टर पकडायचे पिंजरे दुरुस्त करत बसलेला.

"हे काय?"

"आयली. हे मी दुकानात टांगणार आहे, त्या पानाच्या शेजारी. कळू दे सगळ्यांना."

त्याने बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, रडतोय की काय. मग म्हणाला, "तिला विचारलंस?"

"ती कुठाय इथे विचारायला?"

"पहिल्या वेळी तर इथेच होती. तेव्हा विचारलं होतंस?"

मी फळी त्याच्यापुढून ओढून घेतली.

"तुम्हा स्टॅनवूडांचं बरं आहे रे. माणूस दिसला की खिशात घातला. हे घरी ने, आणि भिंतीकडे तोंड करून ठेव. माझ्या बहिणीला तू एकदा टांगलंस तेवढं बस झालं."

मी त्याच्या पिंजऱ्याला लाथ मारली. पिंजऱ्याला काही झालं नाही. माझा अंगठा सुजलाय.

रूफस

१९ एप्रिल

आयली,

तुझं कार्ड आलं. पाच आठवड्यांनी तीन शब्द. 'गोष्ट वाचली होतीस?'

मी ते खिशात घालून दिवसभर हिंडलो. संध्याकाळी तुला एक उत्तर लिहिलं, चार पानी. त्यात संपादक कसा लबाड आहे, छापखान्यात काय काय होतं, हे सगळं होतं. सकाळी वाचलं. ते फाडलं. आता हे.

नाही. वाचली नव्हती.

अठरा टंकलिखित पानं आली होती. मी सहा वाचली. सहाव्या पानावर ती मुलगी दिवा घेऊन घराबाहेर पडते, वारा सुटलेला असतो, ती खडकावर चढते. मला तिच्या जागी तू दिसलीस. इतकी स्पष्ट की मी पान खाली ठेवलं आणि चित्राचा कोळसा उचलला. उरलेली बारा पानं कॉफीच्या कपाखाली पडून होती. संपादकाने एक अक्षर बदललं नाही. ती मुलगी प्रियकराच्या नादाने सख्ख्या भावाला बुडवते हे मला हिल्माबाईच्या तोंडून कळलं, तुझ्याबरोबरच. तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.

आमच्या घरात हे पाप आहे, हे तुला ठाऊक नसेल. पाचव्या वर्षी पेन्सिल हातात देताना आजोबा पहिली गोष्ट सांगतात ती हीच. शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याखेरीज कोळशाला हात लावायचा नाही. ज्याला माणूस शेवटी काय करतो हे माहीत नाही, त्याने त्या माणसाचं नाकसुद्धा काढू नये. हे काम त्यांच्याच शब्दावर मला मिळालं होतं. मिस्टर डॅलरिंपल, म्हणजे संपादक, त्यांचे जुने स्नेही. चित्र पाठवायच्या आदल्या दिवशी आजोबांनी विचारलं होतं, "शेवट कसा आहे?"

"छान आहे," मी म्हणालो.

पहिल्या पत्रात तुझ्याशी खोटं बोललो तसा त्यांच्याशीही बोललोय. तुला आज खरं सांगितलं. त्यांना सांगायची हिंमत अजून नाही. त्यांचं एक चाललंय, येईल-जाईल त्याला ते साप्ताहिक दाखवतात. 'पोराचा हात बघा,' म्हणतात.

माझा हात एकच चेहरा जाणतो, आयली, ही सबब नाही. किंवा आहे. मला आता कळेनासं झालंय.

रूफस

९ मे

आयली,

काल तुमच्या घरी गेलो होतो. तुला तोइवोने लिहिलंच असेल, पण तो मीठमसाला लावतो, म्हणून मीही लिहितो.

सरळ तुझ्या वडिलांसमोर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. इसाककाका सौना, तुमची ती वाफेची खोली, तापवायला लाकडं फोडत होते. मी म्हणालो, "काका, माझं चुकलं. मी ती गोष्ट न वाचता चित्र काढलं." तोइवोने फिनिशमध्ये सांगितलं. त्यांनी आणखी दोन लाकडं फोडली. मग कुऱ्हाड ओंडक्यात रोवली आणि काहीतरी बोलले.

"ते म्हणतात, त्यांनीही वाचलेली नाही," तोइवो म्हणाला. "त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. नुसतं चित्र पाहून दोन महिने दुकानात जायचे बंद झालेत. ते म्हणतात, आत ये आणि वाच."

"काय?"

"गोष्ट. पहिल्यापासून. बस."

म्हणून मी तुमच्या स्वयंपाकघरात बसलो, तुझ्या खुर्चीवर, मुद्दाम नव्हे, तीच रिकामी होती. कॉफी आली. वेलदोड्याचा गोड पाव आला. मी एकेक परिच्छेद वाचायचो आणि तोइवो सांगायचा. मुलगी खडकावर चढते तिथून पुढे मी सावकाश वाचायला लागलो, पहिल्या वेळी मी तिथवरच वाचलं होतं. भाऊ होडीतून हाक मारतो ते आलं, तेव्हा तोइवो मध्येच थांबला. खिडकीबाहेर बघत राहिला. मी म्हणालो, "राहू दे इथेच."

"वाच," तो म्हणाला. "एकदा अर्धवट सोडलीस तेवढं पुरे नाही झालं?"

वाचून संपवली. इसाककाकांनी बशीतली कॉफी प्यायली. मग साप्ताहिक ओढून घेतलं आणि चष्मा लावून चित्र बघायला लागले, खाणीवर चिरा घडवायला घेण्याआधी दगडाची रेघ बघतात तसे. बोटाने चित्रातल्या तुझ्या हातावर टकटक केलं आणि पुष्कळ बोलले. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"ते म्हणतात," तोइवो म्हणाला, आणि त्याला ते सांगायला बिलकूल आवडत नव्हतं, "गोष्ट ठीक आहे. असल्या बायका असतात. पण ही ती नव्हे. ही मुलगी कोणाला बुडवत नाहीये, हिला कोणीतरी सुखरूप घरी यायला हवंय. चित्र चुकीच्या गोष्टीत जाऊन बसलंय. आणि दिवा असा धरला तर वाऱ्याने विझेल. कोटाच्या आड धरायला हवा होता."

मग ते मला थेट इंग्रजीत म्हणाले, "यू. सौना?"

मी गेलो. त्या दोघांनी मला जिवंत उकडलं. तोइवो दगडांवर पाणी ओततच होता, ओततच होता. बाहेर पडून समुद्रात उडी मारली तेव्हा वाटलं, हृदय थांबलं. काठावर तोइवो म्हणाला, "रंग तर छान आलाय. लॉबस्टरसारखा. आता तुझं चित्र काढायला हवं."

तुला माझी दया येऊ दे म्हणून हे लिहीत नाही. हसू आलं तर चालेल.

रूफस

३० मे

आयली,

सांगितलं आजोबांना.

माझी कल्पना होती, ते ओरडतील. मीही ओरडायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी ब्रश पुसला, बरणीत उभा केला, आणि म्हणाले, "किती पानं वाचली होतीस?"

"सहा."

"अठरापैकी?"

"हो."

"म्हणजे तिसरा हिस्सा. तुझ्या वयात मी पाचवा हिस्सा वाचत असे."

मला वाटलं, थट्टा करतायत. नव्हते करत. म्हणाले, "हा नियम मला स्वर्गातून मिळाला असं वाटलं का तुला? मी एका भल्या विधवेला चित्रात दारुड्यांची राणी करून बसलो होतो. मी तिच्या अंगणात गेलो तर तिने माझ्यावर पातेलंभर पाणी ओतलं. भांडी घासलेलं."

"मग?" मी म्हणालो. "पण तुम्ही तर सगळं गाव काढलंय. पोस्टमन चाच्यांचा म्होरक्या, पाद्री फाशी देणारा. त्यांना तर अभिमान आहे. माझ्यावरच का..."

"तुला काय वाटतं, मी रस्त्यात उभा राहून चेहरे उचलले?" आता मात्र त्यांचा आवाज चढला. "एकेकाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलोय मी. ब्लूबेरी-पाय घेऊन जायचा, फळं भरून भाजलेला, तुझी आजी करायची. आणि गोष्ट सांगायची, शेवटापर्यंत. मग विचारायचं, यातला कोण व्हायला आवडेल? पाद्रीबुवांनी फाशी देणारा स्वतः मागून घेतला, गाढवा! म्हणाले, तीस वर्षं सगळ्यांना क्षमा करतोय, एकदा तरी..."

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. घरात सगळे धरून चालले की मला माहीत आहे. मी बावीस वर्षं त्यांना फक्त खिडकीशी बसलेलं पाहिलं. त्याआधी ते कुठे जाऊन येत, ते पाहिलंच नाही. हा पुन्हा माझाच दोष, असं आत्याचं मत आहे.

शिक्षा झाली आहे. प्लॅस्टरचा पांढरा गोळा आणि पांढरा ठोकळा, कोळशाने, रोज सकाळी तीन तास, आजोबा 'पुरे' म्हणेपर्यंत. हे आमच्याकडे सहा वर्षांच्या मुलांचं काम. बाबांनाही चाळिशीत एकदा झाली होती, का ते सांगत नाहीत. मी पहिल्या दिवशी कागद भिरकावला. दुसऱ्या दिवशी नाही. गोळ्याच्या सावलीच्या काठाशी एक उजेडाची पट्टी असते, टेबलावरून परतून आलेली. ती मला आजवर दिसलीच नव्हती.

शनिवारी दुकानात गेलो. गर्दीच्या वेळी, ठरवून. कॉफीच्या फळीशी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. मी गोष्ट वाचली नव्हती, आयली कांगासला विचारलं नव्हतं, तिचा त्या बाईशी काडीचा संबंध नाही, आणि यापुढे कोणाला हसायचं असेल त्याने मला हसावं.

हिल्माबाई चष्म्यावरून बघत म्हणाली, "म्हणजे तुला वाचता येत नाही? कॉलेजात दोन वर्षं काय करत होतास?"

सगळं दुकान हसलं. मागे बटाट्याच्या पोत्यांशी तुझे वडील उभे होते. अडीच महिन्यांनी आले होते. ते नाही हसले. त्यांनी टोपी किंचित वर केली, मला की हिल्माबाईला, सांगता येत नाही.

मिस्टर डॅलरिंपलना खरं लिहून टाकलं. काम गेलं असंच धरून चाललोय.

रूफस

२३ जून

आयली,

हे पत्र पोस्टात टाकण्यात अर्थ नाही, तू दुपारच्या बसने येते आहेस. पण लिहायची सवय लागलीय, म्हणून लिहितो. हातात देईन. किंवा तू घेणार नाहीस.

तुझं दुसरं कार्ड काल आलं. 'सणाच्या शेकोटीसाठी घरी येते आहे. तुझ्यासाठी नाही. पण विचारायचं असेल ते समोर उभं राहून विचार.' मी ते आजोबांना दाखवलं, बाबांना दाखवलं, शेवटी आत्यालाही दाखवलं. ती म्हणाली, "पोरगी मोजकं लिहिते. तुझ्यासारख्याला अशीच हवी." मग माझ्या कोटाची बाही तिने स्वतः घासून काढली, कोळशाचा डाग होता. निघाला नाही.

तुला काय विचारणार आहे ते सांगून टाकतो, म्हणजे समोर अडखळलो तर तुला अंदाज असेल.

मिस्टर डॅलरिंपलनी काम काढून नाही घेतलं. दुसरी गोष्ट पाठवली, आणि वर एक चिठ्ठी. 'ही बावीस पानं आहेत. बाविसावं पान वाचल्याचा पुरावा चित्रात दिसला पाहिजे.' मी तीनदा वाचली आहे. बेटावरच्या शाळेत एकटीने राहणाऱ्या बाईची गोष्ट आहे. चिडखोर आहे, हसरी आहे, कोणाचं ऐकत नाही. शेवटी ती बेट सोडत नाही. मी तुला ती सगळी सांगेन, तुमच्या स्वयंपाकघरात, तुझ्या वडिलांसमोर, तोइवोच्या शेऱ्यांसकट. मग विचारेन, ही बाई व्हायला आवडेल का. नाही म्हणालीस तर शाळेतली बाई हेस्टरआत्यासारखी दिसेल, आणि बेटावरच्या मुलांचं कठीण आहे.

हा एक प्रश्न. दुसरा मला तीन वर्षांपासून विचारायचाय आणि दर वेळी मी त्याऐवजी तुझं चित्र काढत बसलो. तो इथे लिहीत नाही. तो चेहऱ्याकडे बघून विचारायचा आहे, पेन्सिल न धरता. उत्तर काहीही असो, मी पिंजऱ्याला लाथ मारणार नाही. निदान तुझ्यासमोर नाही.

तोइवो ट्रक घेऊन फाटकाशी आलाय. भोंगा वाजवतोय. "ए चित्रकार," ओरडतोय, "बस तुझ्यासाठी थांबणार आहे का? आणि अंगाला अंड्याचा वास येतोय, मागे बस!"

आजोबा खिडकीशी आहेत, मला न बघितल्यासारखं करतायत. ब्लूबेरी-पायचा डबा टेबलावर ठेवलाय. आजीची कृती, आत्याने भाजलाय, करपलाय थोडा. बाबा मान वर न करता म्हणाले, "जाताना दार ओढून घे. फळी ओली आहे, धूळ बसते."

कागद घडी करतो. डबा एका हातात, हे दुसऱ्या हातात. दार कोपराने ओढून घ्यावं लागेल.

निघालो, आयली. दार लावतो.